बाजव्यात बसून लिहिताना

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दिवाळी अंकांची पत्रं यायला लागतात. हल्ली ती बहुतेक फोनवरच येतात: विषय, शब्दमर्यादा, मजकूर पाठवायची तारीख, आणि संपादक जुन्या वळणाचे असले तर शेवटी ‘यथाशक्ती मानधन’. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. जुलै-ऑगस्टमध्ये लिहायचं. नवरात्रात बडोद्यात मध्यरात्रीपर्यंत गरबा चाललेला असतो, त्या आवाजात मुद्रितं तपासायची. अंक हातात येतो दिवाळीच्या आगेमागे. पैसे मात्र कधी लाभपाचमीला येतात, कधी संक्रांतीला, आणि कधी मी आठवण करते तेव्हा.

मी मुक्त लेखक आहे. माझ्या शेजारणी विचारतात, ‘बेन, तुम्ही कुठल्या पेपरमध्ये नोकरी करता?’ कुठल्याच नाही. चार-पाच मराठी मासिकं, दोन प्रकाशक, एक गुजराती पुरवणी आणि आमच्या भागातले काही कारखाने, अशा सगळ्यांसाठी मी थोडं थोडं लिहिते. पगार कुणीच देत नाही. प्रत्येक काम वेगळं ठरतं, वेगळं लिहिलं जातं आणि त्याचे पैसे वेगळे येतात. हा धंदा आतून कसा चालतो हे वाचकाला सहसा दिसत नाही. त्याला छापलेलं पान दिसतं. म्हणून त्या पानामागचं थोडं सांगते.

बाजवा हे बडोद्याहून अहमदाबादकडे निघालं की पहिलं स्टेशन. पुढे रानोली, नंदेसरी, वासद. पलीकडे फर्टिलायझरनगर, आणि कोयलीला १९६५ साली सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना. माझा जन्म बडोद्यातल्या दांडिया बाजारातला, लग्नानंतर मी इथे आले. दांडिया बाजारात खिडकीतून हाक मारली तर मराठीत ओ मिळायची; बाजव्यात भाजीवाली गुजराती, दूधवाला गुजराती, आणि नाक्यावर उभे असलेले कंत्राटी कामगार हिंदी, मराठी, अहिराणी सगळं बोलणारे. पुण्या-मुंबईत राहिले असते तर जास्त काम मिळालं असतं, असं मला नेहमी सांगितलं जातं. कदाचित मिळालं असतंही. पण माझ्याकडे जे काम येतं त्यातलं निम्मं मी इथे आहे म्हणूनच येतं. पुण्यातल्या संपादकाला बडोद्याबद्दल लिहिणारं माणूस हवं असतं आणि इथल्या कारखान्याला मराठीत लिहिणारं.

बडोद्याबद्दल लिहायचं म्हटलं की पहिल्यांदा येतात सयाजीराव महाराज. लेखकाच्या पोटापाण्याचा विचार त्यांच्याइतका करणारे राज्यकर्ते आपल्याकडे फार झाले नाहीत. १९१२ साली त्यांनी वाङ्मयासाठी दोन लाख रुपये बाजूला काढले आणि त्याच्या व्याजातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ चालली. गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांतून तिच्यात पुस्तकं निघाली. १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला, तो आठ भाषांचा. असे कोश पगार देणारं कुणी पाठीशी असल्याशिवाय होत नाहीत. मी एकटीनं दहा वर्षं राबून त्याचं एक अंगही पुरं करू शकणार नाही, आणि आज तसं काम मला कुणी देणारही नाही.

पण त्याच बडोद्यात गोविंद सखाराम सरदेसाई होते, आणि त्यांची हकिगत मला या बाबतीत जास्त शिकवते. १८८९ साली ते महाराजांच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवणं, राजपुत्रांना शिकवणं, प्रवासात सोबत जाणं, हिशेब बघणं, पडेल ते काम. राजपुत्रांना इतिहास शिकवायला चांगली पुस्तकं नव्हती म्हणून त्यांनी टिपणं काढली आणि त्या टिपणांतून रियासती उभ्या राहिल्या. मुसलमानी रियासत १८९८ची, मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२चा. दिवसभर दरबारी चाकरी आणि उरलेल्या वेळात इतिहास, असं त्यांनी पस्तीसहून अधिक वर्षं केलं. १९२५ साली त्यांनी निवृत्ती मागितली. महाराजांना ते जायला नको होते. नाराजीपोटी पेन्शन कमी झालं. सरदेसाई गेलेच. पुण्याजवळच्या कामशेतला राहिले, आणि नंतर पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात त्यांनी संपादित केले. इंग्रजीतला मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास त्याहीनंतरचा, ऐंशी ओलांडल्यावरचा.

आश्रय फार मोलाचा असतो, पण आश्रय देणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. ज्याचा धनी एकच, त्याचं पेन्शन एका नाराजीत कमी होऊ शकतं. माझे धनी लहान आहेत आणि पुष्कळ आहेत. एक मासिक बंद पडलं तर माझा एक कोपरा रिकामा होतो, घर पडत नाही. इंग्लंडात अठराव्या शतकात सॅम्युअल जॉन्सनच्या बाबतीत असंच काही घडलं. त्याच्या शब्दकोशाला लॉर्ड चेस्टरफिल्डचा आश्रय मिळेल असं वाटत होतं, तो वेळेवर मिळाला नाही. कोश झाला तो लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी १७४६ साली केलेल्या पंधराशे गिनींच्या करारावर, आणि त्यातूनच मदतनीसांचे पगारही गेले. कोश पुरा होत आल्यावर लॉर्डसाहेबांनी त्याची स्तुती छापली तेव्हा, १७५५च्या फेब्रुवारीत, जॉन्सननं त्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे. मला त्या पत्रापेक्षा तो करार जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता एक लेख कसा होतो ते सांगते. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय हा माझा आवडता विषय. १९१० साली सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संपूर्ण राज्यासाठी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. आजच्या इमारतीत लोखंडी मांडण्या आहेत आणि मजल्यांची जमीन काचेची, खालच्या मजल्यापर्यंत उजेड जावा म्हणून. पण नुसतं ‘बडोद्याच्या ग्रंथालयावर लेख देऊ का?’ असं विचारलं तर कुठलाही संपादक ‘बघू’ म्हणतो. ग्रंथालय ही जागा झाली, लेखाचा विषय अजून व्हायचा आहे. मी लिहिलं ते असं: राज्यातल्या खेड्यांना लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली जात. पेटीचं भाडं सरकार भरायचं, पेटी वाचून झाली की दुसरी यायची. शाळा सक्तीची झालेल्या राज्यात, शाळेतून बाहेर पडलेल्या माणसानं अक्षरं विसरू नयेत म्हणून ही योजना होती, आणि मला तिच्यावर लिहायचंय. सक्तीचं शिक्षण १८९३ साली अमरेली भागात सुरू झालं आणि १९०६ साली सगळ्या राज्यात आलं, हे त्या प्रस्तावात एका ओळीत होतं. होकार त्याच दिवशी आला.

प्रस्ताव हे मुक्त लेखकाचं खरं कौशल्य आहे असं माझं मत झालंय. दहा-बारा ओळी. लेख कशाबद्दल आहे, तो आत्ता का, वाचकाला त्यातून काय नवीन मिळेल, मी कुणाला भेटणार, छायाचित्रं कुठून मिळतील, शब्द किती, आणि कधी देईन. इतकं नीट लिहिता आलं नाही तर विषय माझ्याच मनात अजून पिकलेला नाही, असं समजून मी तो ठेवून देते. घाईनं पाठवत नाही.

मग भेटी. जुने ग्रंथपाल, निवृत्त शिक्षक, पेट्या पाहिलेली म्हातारी माणसं. बाजव्याहून मेमूनं बडोदा, तिथून रिक्षा. वही आणि फोनवरचं ध्वनिमुद्रण दोन्ही घेते, कारण वहीत माणसाचे हात, खोली, मध्येच आलेला चहा हे सगळं उतरतं आणि फोनमध्ये फक्त बोलणं. ज्यांचं वाक्य मी त्यांच्या नावानं छापणार, त्यांना ते फोनवर वाचून दाखवते. काही पत्रकारांना हे पसंत नाही, त्यांना वाटतं माणूस वाक्य मागे घेईल. क्वचित घेतो. बहुतेकदा मात्र तो त्यात भर घालतो: ‘अहो, त्या पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली मास्तरांकडे, ते लिहा ना.’

असा एक लेख फक्त एकदाच छापून परवडत नाही. प्रवास, झेरॉक्स, दिवस यांचा हिशेब मांडला तर एका मराठी मासिकाचं मानधन कसाबसा खर्च काढतं. म्हणून त्याच अभ्यासातून मी गुजराती पुरवणीसाठी मोतीभाई अमीन यांच्या वाचनालय चळवळीवर स्वतंत्र लेख केला, आणि मुलांच्या मासिकासाठी पेटीची गोष्ट. तिन्ही लेख वेगळे, तिन्हींतली एक ओळही सारखी नाही. तोच मजकूर दोघांना विकणं आणि त्याच अभ्यासातून दोन लेख लिहिणं यात मी काटेकोर फरक करते. पहिल्यानं संपादकाचा विश्वास जातो, आणि या धंद्यात विश्वासाशिवाय माझ्याकडे दुसरं भांडवल नाही.

गुजराती लिहिताना मला काकासाहेब कालेलकरांचा आधार वाटतो. साताऱ्यात जन्मलेला मराठी माणूस, बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवायला आला आणि पुढे गुजरातीतला थोर निबंधकार झाला. १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना गुजराती लेखनासाठीच मिळाला. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्याला हे किती बळ देतं, हे सीमेवर राहूनच कळतं.

माझ्या उत्पन्नाचा मोठा भाग मात्र ज्याखाली नाव छापलं जात नाही अशा लेखनातून येतो, आणि त्याबद्दल मला बोलायचंच आहे. कारखान्यांना सुरक्षेच्या सूचना, कॅन्टीनचे नियम, आरोग्य तपासणीची पत्रकं अनेक भाषांत लागतात. गुजराती आणि हिंदी त्यांच्याकडे होतात. धुळे, नंदुरबार, शिरपूरकडून आलेल्या कामगारांसाठी मराठी लागते. मला मूळ इंग्रजी किंवा गुजराती कागद मिळतो. एकदा अमोनियाच्या गळतीसाठीचं पत्रक होतं. सूचना तशा साध्या: वास आला की नाकातोंडावर ओलं फडकं धरा, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो, उंच खांबावर लावलेली कापडी नळी, ज्याला सगळे विंडसॉक म्हणतात, ती बघा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला किंवा वाऱ्याला आडवं जा, गॅसच्या पुढे पुढे पळू नका.

मी मसुदा केला आणि माझ्या नेहमीच्या सवयीप्रमाणे पाठवण्याआधी वाचून दाखवला. स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर रात्रपाळी संपवून बसलेले दोघे-तिघे होते. त्यांनी शांतपणे ऐकलं. एकजण म्हणाला, ‘ताई, रात्री ते कापड दिसतं का?’ हा प्रश्न इंग्रजी कागद लिहिणाऱ्याला पडला नव्हता, गुजराती करणाऱ्यालाही नाही. मी सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन केला. ते थांबले, मग म्हणाले, काही नळ्यांवर दिवा आहे, सगळ्यांवर नाही. पत्रकात एक वाक्य वाढलं: कुठल्या खांबांवर रात्री दिवा असतो. तेच वाक्य मग गुजराती आणि हिंदी पत्रकांतही गेलं. माझ्या नावानं छापलेल्या लेखांपैकी किती लेखांनी कुणाचं आयुष्य बदललं मला ठाऊक नाही. त्या एका वाक्याचा उपयोग कुणाला व्हायची वेळ कधीच येऊ नये. पण ते तिथे आहे, याचं समाधान मला कुठल्याही पुरस्काराइतकं आहे.

हल्ली यंत्रानं केलेलं भाषांतर पाठवून ‘ताई, फक्त नजर टाका’ असं सांगणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत. अर्थात पैसेही नजर टाकण्याचेच. मी त्यांना स्पष्ट सांगते की जोखमीचा कागद असेल तर मी मुळापासून करीन, नाहीतर घेणार नाही. यंत्राला मराठी वाक्य जमायला लागलं आहे, हे मी नाकारत नाही. पण टपरीवर जाऊन ते वाचून दाखवणं, आणि समोरचा गप्प झाला तर का गप्प झाला ते विचारणं, हे माझं काम आहे आणि त्याचे पैसे मी घेते.

पैशांचा विषय निघाला आहे तर तो मोकळेपणानं बोलू. मराठीत लेखकानं मानधन विचारणं अजूनही जरा अवघड समजलं जातं. मानधन या शब्दाआड रक्कम लपून जाते. काही ठिकाणी एका लेखाचे पाचशे रुपये, काही ठिकाणी काही हजार, काही ठिकाणी फक्त अंकाची प्रत. प्रत मिळाली तर आनंदच आहे, पण ते आधी कळलं पाहिजे. काम स्वीकारताना मी एक छोटा निरोप लिहिते: विषय, शब्द, रक्कम, पैसे कधी, आणि लेख नाकारला तर काय. उत्तरात ‘हो’ आलं की लिहायला बसते. कारखान्याच्या कामाला रीतसर बिल लागतं, त्यावर पॅन लिहावा लागतो. व्यावसायिक शुल्क एका देणाऱ्याकडून वर्षात ५० हजारांच्या वर गेलं की तो १० टक्के कर कापूनच पैसे देतो. ही मर्यादा आधी ३० हजार होती, ती एप्रिल २०२५ पासून वाढली. कापलेला कर आपल्या नावावर जमा झाला की नाही ते विवरणपत्र भरण्याआधी बघायचं, कारण उत्पन्न कमी असेल तर तो परत मिळतो. कितीतरी लेखक तो परत मागतच नाहीत. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीनंतरची गोष्ट, तिथवर आमच्यापैकी फारसं कुणी पोचत नाही.

उशिरा येणाऱ्या पैशांसाठी एक दिवस ठरवलेला आहे: महिन्याचा पहिला सोमवार. त्या सकाळी मी लिहीत नाही. वहीतली येणी बघते आणि एकेकाला नम्रपणे लिहिते किंवा फोन करते. ‘सर, सप्टेंबरच्या अंकातल्या लेखाचं बघाल का?’ बहुतेक वेळा समोरचा माणूस मनानं चांगला असतो, मासिकाची तिजोरी रिकामी असते. मराठी मासिकं वर्गणीवर, जाहिरातींवर आणि संपादकांच्या हट्टावर चालतात. ते मला ठाऊक आहे आणि काही मासिकांना मी जाणूनबुजून कमी पैशांत लिहिते. पण कुणाला कमी घ्यायचं हा निर्णय माझा असला पाहिजे.

आणि हक्काची बाब तर त्याहून महत्त्वाची. आपल्या देशाच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं, जो नोकरीत नाही आणि कुणाशी तसा करार केलेला नाही, अशा लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक लेखकच असतो. मासिकाला लेख छापायला दिला म्हणजे तो विकला असं होत नाही. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, त्यावर देणाऱ्याची सही लागते. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. एका स्मरणिकेत माझा जुना लेख मला न विचारता, दुसऱ्या मथळ्यानं छापलेला दिसला. मी आरडाओरडा केला नाही. कायद्यातल्या या तरतुदी साध्या भाषेत लिहून, सोबत मूळ अंकाच्या पानाची प्रत जोडून पत्र पाठवलं आणि माझ्या नेहमीच्या दराचं बिलही. बिलाचे पैसे आले, पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी नवा लेखही मागितला.

२०१८ साली बडोद्यात ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीवर तिथे पुष्कळ बोललं गेलं आणि ते ऐकताना मला बरं वाटलं. तरीही भाषणांपेक्षा, बाहेर राहणाऱ्या लेखकांना नियमित कामं मिळाली तर मराठी इथे जास्त टिकेल असं मला वाटतं. बडोद्याच्या मराठी शाळांतून निघालेली पिढी लिहू शकते. तिला प्रस्ताव कसा लिहायचा, दर कसा सांगायचा, हे सांगणारं कुणी नसतं.

म्हणून रविवारी दुपारी छाणी आणि गोरव्याहून दोन मुली माझ्याकडे येतात. दोघींची मराठी घरची आहे, शाळा गुजराती किंवा इंग्रजी झाली. लेखन कसं करावं यावर मी त्यांना फार सांगत नाही, ते त्या वाचून शिकतील. आम्ही प्रस्ताव लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. एकीला कराचियाच्या बाजूला राहणाऱ्या खानदेशी बायकांच्या पापड-कुरडयांच्या धंद्यावर लिहायचंय. तिनं तीन घरी जाऊन डाळ किती लागते, वाळवण कुठे घालतात, पावसात काय करतात हे विचारून आणलं आहे, पण दर सांगायला ती अजून लाजते. दुसरीनं मागच्या आठवड्यात आपलं पहिलं बिल केलं, आठशे रुपयांचं, आणि अक्षरी रक्कम लिहायची राहिली होती ती मी तिला लिहायला लावली. बिल सोमवारी गेलं. आता तीस दिवस वाट बघायची आणि मग फोन करायचा, तो तिनंच.